एलियाहू हनाबीचा टापा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



झाशीच्या लक्ष्मी गेटापाशी नांदणाऱ्या मराठी मंडळींपुढे इस्राएलांच्या तीर्थस्थानाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या वेशीच्या बाहेरच आहे. तलावाच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ उभे आहे आणि जवळच १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. नेवाळकर मूळचे कोकणातले. बुंदेलखंडात सुभेदारी मिळाली तशी त्यांनी आपल्या कुलस्वामिनीचीही येथे प्रतिष्ठापना केली. परमुलखात गेलेला माणूस आधी निवारा शोधतो आणि मग देव कोठे बसवावा याचा विचार करतो. ज्यांच्यापाशी सुभेदारी नव्हती, ग्रंथ नव्हता, मूर्ती तर धर्मानेच निषिद्ध होती, अशा लोकांनी परमुलखात आपले तीर्थ कसे निर्माण केले, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे. हे लोक म्हणजे आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल. आणि ते तीर्थ म्हणजे अलिबागजवळच्या खंडाळे गावचा एक खडक. बोरघाटावरचे खंडाळे ते हे नव्हे, एवढे प्रथमच सांगून ठेवतो.

या खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू नबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या त्या खुणा, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. म्हणून या स्थानाला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. हा एलियाहू ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. त्या वेळी इस्राएलावर अहाब राजाचे राज्य होते. हा अहाब काही केवळ पोथीतला राजा नव्हे. ख्रिस्तपूर्व ८५३ मधल्या कर्कारच्या लढाईसंबंधीच्या असीरियन शिलालेखात त्याचे नाव आलेले आहे. राजा-राणीने बाल या दैवताची उपासना सुरू केली, तेव्हा एलियाहूने कार्मेल पर्वतावर बालाच्या पुजाऱ्यांना आव्हान दिले. मोडलेली वेदी त्याने बारा दगडांनी पुन्हा बांधली, इस्राएलाच्या बारा वंशांसाठी बारा दगड. वेदीवर पाणी ओतविले, आणि तरीही आकाशातून अग्नी उतरला, असे यहुद्यांचा धर्मग्रंथ सांगतो. अखेरीस यार्देन नदीपलीकडे अग्निरथ आला आणि वावटळीतून तो सदेह स्वर्गाला गेला. मृत्यू न आल्यामुळे तो केव्हाही, कोठेही येऊ शकतो, हे यहुदी लोकमानसाने त्यावरून ठरविले. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी एक प्याला भरून ठेवतात. सुंतेच्या विधीला त्याच्यासाठी आसन मांडतात. आपल्याकडे चिरंजीव हनुमंताविषयी जो भाव आहे, तो येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

यार्देनचा हा रथ रायगड जिल्ह्यात कसा आला? बेने इस्राएलांची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. समुद्राने किनाऱ्यावर आणलेली प्रेते त्यांनी दोन ढिगाऱ्यांखाली पुरली, पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक. ग्रंथ, भांडीकुंडी, सारे पाण्यात गेले. त्या निराधार स्थितीत एलियाहू प्रकट झाला, या भूमीत तुमचा वंश वाढेल असा त्याने आशीर्वाद दिला आणि खंडाळ्याच्या खडकावरून तो रथातून वर गेला, असे सांगतात. हे केव्हा घडले, यावर एकमत नाही. हाईम शमुएल केहीमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचा काळ धरला आहे. हा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. इतरांनी बराच अलीकडचा काळ सुचविला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय, असे दोन्ही वारसे आढळले. आमच्या मते एवढे पुरे आहे. खडकावरील खुणा कोणी कोरल्या की पावसाने झिजवल्या, हा वाद भूगर्भशास्त्रज्ञांनी घालावा.

आमचे लक्ष दुसरीकडे आहे. पुढे शतकानुशतके या लोकांनी घाणे चालविले, मराठीत संसार केले, गावांवरून आडनावे घेतली. नवगावकर, पेणकर, चेऊलकर, रोहेकर, दिवेकर ही नावे ऐकून कोणाला परकेपणा वाटेल? ('माझा प्रवास' लिहिणारे आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेले विष्णुभट गोडसे ज्या वरसईचे, ती पेण तालुक्यातच.) हिब्रू ते विसरले, सणांची मूळ नावे विसरले, पण सण विसरले नाहीत. नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण अशी नावे त्यांनी आपल्या सणांना दिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. दाविद रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची ओळख कशी पटविली, याचीही गोष्ट आहे. त्याने निरनिराळे मासे स्त्रियांपुढे ठेवले. त्यांनी खवले व पर असलेले तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. पोथी बुडाली तरी धर्म स्वयंपाकघरात तगला होता. या गोष्टीत आम्हांस एकाही मोठ्या ग्रंथाइतके वजन वाटते.

त्याच स्वयंपाकघरातून मलिद्याचा विधी निघाला. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलदोडा, सुकामेवा, सभोवती फळे. आणि मग एलियाहूचे स्तवन. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात प्रवेश करताना मलिदा होतो. झाडांचा नववर्षदिन मानल्या जाणाऱ्या 'तू बिश्वात' या दिवशी मंडळी खंडाळ्याला जातात आणि त्या खडकापाशी मलिदा करतात. कार्मेलचा नबी कोकणातले पोहे आणि नारळ स्वीकारतो. कोणी यास भेसळ म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या भूमीने जगविले तिच्याच पिकातून नैवेद्य करणे यात गैर काय आहे? स्तवन मात्र इस्राएलाच्या एकाच देवाचे राहिले, त्यात तडजोड झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण परत आले. त्याआधीच, १७९६ साली, मुंबईत शमुएल दिवेकर यांनी पहिले सभास्थान उभारले होते. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाचा हग्गादा मराठी भाषांतरासह छापला गेला, आणि बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने रंगू लागली. शास्त्रशुद्ध धर्म हाती आल्यावर खडक आणि मलिदा सोडून देता आले असते. त्यांनी ते सोडले नाहीत.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र निर्माण झाले आणि हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. ज्या देशाची दिशा धरून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, तेथील धर्मपीठाने त्यांना विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? विवाहाच्या वेळी आजी-आजोबांपर्यंत चौकशी करण्याचे आदेश निघाले. समुद्रात सर्वस्व गमावलेल्यांच्या वंशजांकडे कागद मागण्यात आले! १९६४ साली त्यांनी जेरुसलेमात सत्याग्रह केला. हे सर्व बाबतीत यहुदीच आहेत असे इस्राएलच्या संसदेने मान्य केले, आणि धर्मपीठाला आपले आदेश बदलावे लागले. महाराष्ट्रात 'यहुदी' आणि इस्राएलात 'हिंदी' म्हणवून घेण्याचे दुःख बुंदेलखंडात 'दक्षिणी' आणि पुण्यात 'झाशीवाले' ठरणाऱ्या आपल्याला समजावून सांगावे लागू नये.

आता ती मंडळी लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा अशा नगरांत राहतात. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून काढले. कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी, हैफा शहरात एलियाहूची म्हणून दाखविली जाणारी एक गुहा आहे, आणि नवस बोललेली बेने इस्राएल कुटुंबे तेथे जातात. जाताना बरोबर ताट असते. त्यात भिजवलेले पोहे असतात, गूळ असतो आणि खवलेला नारळ असतो.