संगणकीय साहाय्यपृष्ठे आणि दुव्यांचा विवेक



वाचकाला एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे नेण्याची पद्धत ग्रंथांत जुनीच आहे. मराठी विश्वकोशातील नोंदीत ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदीचे नाव दिलेले असते. तो खंड काढून पान शोधण्याचे श्रम वाचकाचे. संगणकाने हे श्रम वाचविले. अशा परस्परांशी जोडलेल्या मजकुराला टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. पुढे १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले आणि दुवा सर्वांच्या हाती आला.

परंतु जे सुलभ होते त्याचा अतिरेकही सुलभ होतो. संगणकप्रणालीचे साहाय्यपृष्ठ कोणी विरंगुळा म्हणून उघडीत नाही. हातातील काम अडलेले असते, समोर माणसे खोळंबलेली असतात. अशा वाचकाला प्रत्येक दुवा एक प्रश्न विचारतो : येथेच थांबावे की तिकडे जावे?

एखाद्या ग्रामपंचायतीच्या लिपिकाला करमागणीची दोनशे पत्रे नावानिशी काढावयाची आहेत. ‘मेल मर्ज’ या सोयीने एकाच मसुद्यात यादीतील नावे आपोआप भरता येतात. त्यासाठी यादीच्या पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके असणे श्रेयस्कर. ही अट एका वाक्याची आहे. ती तेथेच सांगावी, तिच्यासाठी वाचकाला दुसऱ्या पानावर धाडू नये. यादी मुळातच तयार नसेल, तर मात्र ‘पत्त्यांची यादी कशी तयार करावी’ हा दुवा कृतीच्या आरंभी द्यावा. पाचव्या पायरीवर तो भेटला, तर केलेले काम अर्धवट सोडून मागे फिरावे लागते. अधिक माहितीचे दुवे कृती संपल्यावर, शेवटी द्यावेत. पायऱ्यांच्या मधोमध त्यांची गर्दी नसावी.

दुव्याचे शब्दही बोलके हवेत. ‘येथे क्लिक करा’ एवढ्याने पुढे काय आहे ते कळत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने काम करणाऱ्या अंध व्यक्तीला पानावरील सर्व दुव्यांची यादी ऐकता येते. त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ हेच दहा वेळा आले, तर तिने कोणता दुवा निवडावा? ‘छापण्यापूर्वी पत्रे तपासणे’ असे शब्द असले, म्हणजे डोळस आणि अंध दोघांचाही मार्ग स्पष्ट होतो. दुवा केवळ रंगाने दाखवू नये; त्याखाली रेघही असावी, कारण सर्वांना रंगभेद सारखा दिसत नाही.

शेवटची बाब देखभालीची. प्रणालीची नवी आवृत्ती येते, पानांचे पत्ते बदलतात आणि दुव्याच्या टोकाशी ‘४०४’ हा आकडा, म्हणजे ‘पान सापडत नाही’ असा निरोप, उरतो. पत्ते बदलू नयेत, असा आग्रह बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच धरला होता. पान हलवावेच लागले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट करून द्यावी आणि सर्व दुवे ठरावीक मुदतीने तपासावेत.

दुवा हे वाचकाला दिलेले वचन आहे. कमी वचने द्यावीत, स्पष्ट द्यावीत आणि दिलेली पाळावीत. म्हणजे अडलेल्या माणसाचे काम पुढे सरकेल.