समोर एवढा बलक असून पिल्लू मेलं कसं?

इअरफोन लावलेत ना? चला, आज आपण अंड्याच्या आत जाऊ.

धर्माबादच्या माझ्या एका मित्रानं गेल्या हिवाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावला आणि गावरान कोंबडीची 30 अंडी उबवायला ठेवली. अठराव्या दिवशी रात्री लाईट गेली, ती सकाळीच आली. पिल्लं निघाली फक्त नऊ. उरलेली अंडी फोडली, तर काहींत पिल्लू पूर्ण तयार होतं. चोच, पंख, नखं, सगळं. पण पोटाबाहेर बलकाची पिशवी तशीच लोंबत होती. तो मला म्हणाला, "अरे, खायला एवढं समोर असून लेकरू मेलं कसं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. कारण पिल्लू बलक चोचीनं खातच नाही.

अंड्यातल्या 21 दिवसांत लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास 90 टक्के ऊर्जा बलकातल्या चरबीतून येते. पण चरबी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती रक्तात सरळ मिसळत नाही. मग बलकाभोवती एक पातळ पडदा वाढतो, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासकट. खरं काम इथं चालतं.

धर्माबादचा मिरची बाजार आठवा. पोती येतात, सुटतात, माल पारखला जातो, पुन्हा पोत्यांत भरून गाडीवर चढतो. या पडद्याच्या पेशी तेच करतात. त्या बलकाचे छोटे छोटे घास आत घेतात. लायपेज नावाची एन्झाइम, म्हणजे विकरं, चरबीचे तुकडे करतात. दुसरी विकरं ते तुकडे पुन्हा जोडतात. मग प्रथिनाच्या वेष्टणात बांधून माल रक्तात सोडला जातो. तो हृदयाजवळ, स्नायूंजवळ पोचला की तिथलं लायपेज पुन्हा कापतं. तोडा, जोडा, परत तोडा! यातली काही चरबी जळते, काही मेंदूच्या आणि इतर पेशींची आवरणं बांधायला जाते.

आता लाईटचं बघू. अंड्यातलं पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. साधारण साडेसदतीस अंश तापमान बाहेरूनच मिळावं लागतं. गारठा लागला की हृदय मंदावतं, विकरंही मंदावतात. शेवटच्या दिवसांत उरलेला बलक पोटात ओढला जायला हवा, तेही रखडतं. मित्राच्या प्रत्येक अंड्यात हेच झालं असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. पण समोर माल आणि हमाल बसलेले, असा तो प्रकार.

आणि चरबी म्हणजे नुसतं इंधन नाही बरं का. भ्रूणात 'सॉनिक हेजहॉग' नावाचं एक प्रथिन असतं. हो, व्हिडिओ गेममधला तोच सॉनिक! पंखात कुठलं बोट कुठं येणार, हे ते ठरवतं. त्याला कोलेस्टेरॉलचा एक रेणू चिकटलेला असतो. माणसात कोलेस्टेरॉल तयार करणारं शेवटचं विकर जन्मतः बिघडलेलं असेल, तर बाळाच्या पायाची बोटं जुळलेली असू शकतात, मेंदूची वाढही अडते. ज्या कोलेस्टेरॉलला आपण शिव्या घालतो, त्याच्याशिवाय शरीराला आकार येत नाही.

हे कळलं कसं? कोंबडीच्या भ्रूणानं खूप शिकवलं. कवचाला खिडकी पाडली की वाढ डोळ्यांनी दिसते. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी या भ्रूणावर वर्षानुवर्षं काम केलं, विद्यार्थी घडवले.

जाता जाता दोन गोष्टी. पिल्लू बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर तग धरू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं गाडीतून लांब नेता येतात. पण दाणा-पाणी लवकर मिळालेलं चांगलंच. आणि बलकाची पिशवी बाहेर दिसली तर ती ओढू नका, कापू नका. तिच्यात रक्त खेळत असतं.

सातव्या रात्री अंधारात अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं, तर समजा आतला बाजार सुरू आहे. लाईटचा भरवसा नसेल, तर अंडी बॉक्समध्ये नको, खुडूक कोंबडीखाली ठेवा. तिला इन्व्हर्टर लागत नाही!

भेटू पुढच्या भागात.