खोकला एक, रोग दोन

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

मंडळी, आज फळ्यावर एक अवघड शब्द लिहिला आहे. घाई करू नका. सार्-कॉ-इ-डो-सिस. सार्कॉइडोसिस. अक्षरे सुटी करून वाचली की कोणताही शब्द वाचता येतो, हे आपण या वर्गात पाहत आलो आहोत. पण हा शब्द आमच्या घरी आला तेव्हा आम्हालाही तो तीनदा वाचावा लागला. सारी नोकरी मुलांना वाचन शिकवण्यात गेली, आणि हातातला एक कागद आम्हाला धड वाचता येईना.

हे एका रोगाचे नाव आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले मास्तर. पण या रोगापायी आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावाचून रोगाची माहिती सांगण्यात अर्थ नाही.

आमची धाकटी सून तेव्हा ३४ वर्षांची होती. तिला कोरडा खोकला लागला तो हटेना. नळावरून हंडा आणताना धाप लागे. वजन उतरले. संध्याकाळी अंग कोमट लागे. तालुक्याच्या गावी छातीचा फोटो काढला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या दिसल्या. बेडका तपासला, त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरी तिथले डॉक्टर म्हणाले, "क्षयच असावा. गोळ्या सुरू करू."

त्यांना आम्ही दोष देत नाही. जगात सर्वांत जास्त क्षयरोगी आपल्या देशात आहेत. असा खोकला, असा ताप, अशा गाठी दिसल्या की आपल्याकडे बहुतेक वेळा क्षयच निघतो.

दोष आमचा. गोळ्या आणल्या त्याच दिवशी सुनेचे ताट, वाटी, तांब्या वेगळा काढला. दुसऱ्या कोणी नव्हे, आम्हीच काढला. तिचा पाच वर्षांचा मुलगा आजीजवळ निजू लागला. आठ दिवसांनी तिला माहेरी पोचती केली. हवापालट म्हणून, असे शेजाऱ्यांना सांगितले. एस.टी.त बसताना ती एवढेच म्हणाली, "मामंजी, पोराला माझा फोटो तरी दाखवत जा."

आता हे नीट ऐका. क्षय असता, तरी आम्ही केले ते चूकच होते. क्षय ताटवाटीतून पसरत नाही. फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत येतात. तोंडाला फडके धरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, गोळ्या नेमाने घ्याव्या. ताट वेगळे करून काय साधते? काही नाही. माणूस तेवढा तुटतो.

चार महिने गोळ्या झाल्या. फरक पडेना. मग तिचे डोळे लाल झाले, दुखू लागले, उजेड सोसेना, अंधूक दिसू लागले. तिच्या भावाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळा तपासला आणि विचारले, "छातीचा फोटो काढला आहे का?" आम्ही हे ऐकले तेव्हा चकित झालो. डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध? पण त्या बाईंनीच खरी वाट दाखवली. त्यांनी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडले. तिथे घशातून बारीक नळी आत घालून, छातीतल्या गाठीत सुई टोचून कण काढला आणि तो तपासला. त्या तपासणीच्या कागदावर हा शब्द होता.

मग हा रोग आहे तरी काय?

आपल्या शरीरात राखणदार असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या हेच. शेतात जनावर शिरले की राखणदार त्याला घेरून उभे राहतात, तसे शरीरात परके काही शिरले की या पेशी त्याच्याभोवती कडे करतात. या रोगात पेशी असेच कडे करतात आणि त्याची बारीक गाठ बनते. पण आत जनावर कोणते, ते अजून कोणालाही दिसलेले नाही. डॉक्टरांचा असा तर्क आहे की काही माणसांच्या शरीराचा पिंडच असा असतो की बाहेरचे काही तरी निमित्त होते आणि राखणदार नको तितके गोळा होतात. ते निमित्त नक्की कोणते, हे ठरलेले नाही.

क्षयातही अशाच गाठी होतात. पण तिथे आत जंतू असतात, आणि गाठीचा गाभा बहुधा सडून नासक्या चक्क्यासारखा होतो. सार्कॉइडोसिसची गाठ सहसा सडत नाही आणि तिच्यात जंतूही नसतो. म्हणून हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खोकल्याने नाही, उष्ट्याने नाही, एका अंथरुणात निजल्याने नाही. हे वाक्य आमच्या घरी त्या चार महिन्यांपूर्वी कोणी वाचून दाखवायला हवे होते.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ साली एका कोळसा-कामगाराच्या कातडीवरचे जांभळट चट्टे लिहून ठेवले. १८९९ साली नॉर्वेचे डॉक्टर सीझर बोक यांनी असल्या गाठींना सार्कॉइड म्हटले. ग्रीक भाषेत सार्क म्हणजे मांस; मांसाच्या गाठीसारखे दिसते ते सार्कॉइड. हा कर्करोग मात्र नव्हे. पहिल्यांदा हा कातडीचाच रोग वाटला, कारण डोळ्यांना दिसत होती ती कातडी. शरीराच्या आतला फोटो काढण्याची युक्ती १८९५ साली निघाली. ती हाती आल्यावर हळूहळू कळले की हा रोग मुख्यतः फुप्फुसांत बसतो. दहा रोग्यांत नऊ जणांच्या फुप्फुसांत किंवा तिथल्या ग्रंथींत तो सापडतो. कातडी, डोळे, यकृत, हृदय, मज्जातंतू, कुठेही गाठी होऊ शकतात.

आता रोग पुढे कसा जातो ते पाहू. इथे बरेच जण फसतात. आम्हीही फसलो.

इंग्लंडचे डॉक्टर स्कॅडिंग यांनी १९६१ साली छातीच्या फोटोवरून याच्या पायऱ्या लावल्या. त्या आजही वापरतात. पहिली, नुसत्या ग्रंथी सुजलेल्या. दुसरी, ग्रंथीही सुजलेल्या आणि फुप्फुसांतही गाठी. तिसरी, ग्रंथी ओसरलेल्या, पण फुप्फुसांत गाठी. चौथी, फुप्फुसांत व्रण पडून ती आखडलेली. सुनेच्या कागदावर "दुसरी" असे लिहिले होते. आम्ही मास्तर, लगेच हिशेब केला, की यंदा दुसरी, पुढल्या वर्षी तिसरी, मग चौथी. रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांना विचारले तर ते हसले. म्हणाले, "गुरुजी, या शाळेत दरवर्षी वरच्या वर्गात जात नाहीत. पुष्कळ जण शाळाच सोडून घरी जातात."

हे खरे आहे. पहिल्या पायरीवर सापडलेल्या शंभर रोग्यांपैकी ५५ ते ९० जणांचा रोग आपोआप मावळतो. दुसरीतल्या ४० ते ७० जणांचा. तिसरीतल्या मात्र १० ते २० जणांचाच. ज्याला एकदम ताप येतो, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी उठतात, घोटे सुजतात, तो फार घाबरतो; पण त्याचाच रोग बहुधा लवकर निघून जातो. कित्येकांना तर काहीच होत नाही, दुसऱ्या कामासाठी फोटो काढला आणि रोग सापडला, असे घडते. अशांना औषध न देता डॉक्टर नुसती नजर ठेवतात.

काहींच्या शरीरातले राखणदार मात्र वर्षानुवर्षे हटत नाहीत. एकाच जागी पाय तुडवले की जमीन कठीण होते, तसे तिथे व्रण पडतात. फुप्फुस आखडते, ताणत नाही, दम लागतो. एकदा व्रण पडला की तो औषधाने जात नाही. म्हणून त्याआधी रोग ओळखायचा असतो. हृदयात गाठी झाल्या तर ठोके चुकतात, चक्कर येते, माणूस शुद्ध हरपतो. तसे झाले तर सकाळची वाट पाहू नये, तेव्हाच इस्पितळ गाठावे. डोळ्यांचेही तसेच. डोळा दुखून लाल झाला, दिसेनासे झाले, तर घरगुती थेंब घालीत बसू नये.

औषध म्हणजे बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या राखणदारांना शांत करतात. पण तोच जर क्षय असेल, तर नुसत्या स्टेरॉइडने क्षय उसळतो. म्हणून कण काढून खात्री करून घेण्याला एवढे महत्त्व. सुनेच्या क्षयाच्या गोळ्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सगळे तपासून बंद केल्या. आमचे ऐकून कोणी आपल्या गोळ्या स्वतःहून बंद कराल तर ते आमच्या माथी येईल. तसे करू नका, बरं का.

स्टेरॉइडने सुनेचा चेहरा गोल झाला, साखर थोडी चढली. शेजारची म्हणाली, "तब्येत सुधारली की!" तिला काय ठाऊक! या गोळ्याही एकदम थांबवायच्या नसतात. डॉक्टर सांगतील तशा थोड्या थोड्या उतरवायच्या. तिच्या उतरवायला वर्षाहून अधिक लागले. दुसऱ्या एका शेजाऱ्याने ताकदीच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. प्रेमाने आणल्या, पण या रोगात गाठींमुळेच रक्तात चुना वाढू शकतो, मुतखडाही होतो. तशा गोळ्या न विचारता घ्यायच्या नसतात. आम्ही त्या परत केल्या.

कागद हातात आला, तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या माहेरी गेलो. नातू बरोबर होता. तो दारातच थबकला. सहा महिने झाले होते. इस्पितळाच्या खेपांत दोन महिने गेले होते. आईकडे जाऊ की नको, हे तो आमच्या तोंडाकडे पाहून विचारीत होता. ते आम्हीच त्याला शिकवले होते. "जा रे," म्हटले, तेव्हा गेला. सून आम्हाला काही बोलली नाही. चहा केला. आमच्या कपाशेजारी स्वतःचा कप ठेवला आणि आम्ही कोणता उचलतो ते पाहत उभी राहिली. आम्ही तिचाच उचलला.

आता ती बरी आहे. दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो, फुंकण्याची तपासणी, डोळे दाखवणे, एवढे चालते. मागच्या खेपेला ग्रंथी जवळजवळ नेहमीच्या झाल्या असे लिहून मिळाले. रोग उलटू शकतो, म्हणून जाणे सोडलेले नाही.

पुढच्या गुरुवारी येताना ज्यांच्या ज्यांच्या घरी इस्पितळाचे कागद असतील त्यांनी ते आणावेत. आजी, तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचाही आणा. काय लिहिले आहे ते अक्षरे जुळवून तुम्हीच वाचायचे. आम्ही फक्त शेजारी बसू.