धनंजय माने इथेच राहतात का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात एका सायंकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रम समितीने मला 'चित्रपटातील संवाद आणि जीवनमूल्ये' असा भारदस्त विषय दिला आहे. माझं आयुष्य हिशेब खात्यात व्हाउचरं तपासण्यात गेलं. मूल्यांपेक्षा बेरजा-वजाबाक्यांशीच माझा संबंध जास्त. पण सिनेमे मात्र मी भरपूर पाहिले आहेत, तेव्हा तेवढ्या भांडवलावर बोलतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझं बालपण कऱ्हाडजवळच्या एका गावात गेलं. १९७५ साली 'दीवार' आणि 'शोले' दोन्ही आले, तेव्हा मी १३ वर्षांचा होतो. 'शोले'च्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. गणपतीच्या मांडवात सकाळी आरती झाली की कर्ण्यावर ती लागायची. त्यामुळे अथर्वशीर्ष आणि गब्बरसिंग हे दोन्ही मला एकाच मांडवात पाठ झाले. बाप्पानं तेव्हाही रागावल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आज त्याच्याच समोर हा विषय काढायला मी धजावतो आहे.

संवाद पाठ असणारे आपण सगळेच आहोत. पण तो संवाद कुणी, कुणाला आणि कुठल्या वेळी म्हटला, हे आपण विसरतो. माझ्या अनुभवाने सांगतो, धडा असलाच तर तो तिथेच असतो. त्यासाठी मी तीनच वाक्यं घेतो. तिन्ही तुम्हाला पाठ आहेत.

पहिलं वाक्य, "धनंजय माने इथेच राहतात का?" पाहा, हसलात! १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. पण मंडळी, त्या सिनेमातली अडचण काय होती? पुण्यात चार तरुण आहेत आणि त्यांना राहायला जागा नाही. घरमालकीण म्हणते, जागा जोडप्यांनाच देईन. म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान' काढला, त्यातही हीच अडचण होती. म्हणजे २२ वर्षांत गाव बदललं, भाषा बदलली, पण एकट्या पोराला खोली काही मिळाली नाही.

मी १९८७ साली बदली होऊन लखनौला आलो. चारबागला उतरलो तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी आणि तुटकं हिंदी एवढं सामान. इथल्या लोकांची अदब मोठी. घरमालक आधी बसवायचे, पाणी द्यायचे, गूळ द्यायचे, आणि मग हळूच विचारायचे, "फ़ैमिली वाले हैं?" नाही म्हटलं की तितक्याच अदबीनं दारापर्यंत पोहोचवायला यायचे. असे ११ दिवस मी हिंडलो. बाराव्या दिवशी महानगरमध्ये एका फाटकावर मराठी आडनावाची पाटी दिसली. ना ओळख ना पाळख, मी कडी वाजवली आणि मराठीत विचारलं, "इथे कुणी मराठी राहतं का?" आतून एक काका आले. त्यांनी एकच प्रश्न केला, "जेवलास का?" दोन दिवसांसाठी म्हणून गेलेला मी चार महिने त्यांच्या व्हरांड्यात राहिलो. पुढच्या वर्षी हा सिनेमा आला, व्हीसीआरवर आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, आणि तेव्हापासून काका मला माझ्या नावानं कमी आणि 'माने' म्हणूनच जास्त हाक मारायचे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या लखनौतल्या पहिल्या दिवसात असं एखादं दार आहे. चौकात गलाईचं काम करणारी आपली खानापूर-आटपाडीकडची मंडळी एकमेकांच्या आधारानंच इथवर आली. त्याच्याही आधी पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली इथे संगीत महाविद्यालय निघालं आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी अनेक वर्षं त्याचं प्राचार्यपद सांभाळलं. मोठी माणसं असोत की आमच्यासारखे कारकून, परगावी पहिली रात्र कुणाच्या तरी ओसरीवरच काढावी लागते. तेव्हा ते वाक्य आलं की हसा जरूर, पण विचारणाऱ्याला घर नव्हतं हे विसरू नका.

दुसरं वाक्य, "मेरे पास माँ है." याला तर टाळी ठरलेलीच. सलीम-जावेद या जोडीनं ते लिहिलं. त्यांपैकी जावेद अख्तर यांचं बालपण काही काळ आपल्या लखनौतच, आजोळी गेलं. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. सलीम खान यांचीही आई त्यांच्या लहानपणीच गेली. म्हणजे ज्या दोघांनी हे वाक्य लिहिलं, त्या दोघांकडेही ते म्हणायची सोय नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या आधी या वाक्यानं मला एकदा चांगलंच गाठलं होतं.

१९९६ ची दिवाळी. मी गावी गेलो होतो. लखनौत घराला कर्ज मंजूर झालं होतं, नवी स्कूटर घेतली होती. धाकटा भाऊ गावातच शिक्षक. वडील आधीच गेले होते, आई त्याच्याजवळ. फराळाच्या वेळी लहानपणीच्या सवयीनं मी अमिताभचा आवाज काढला. माझ्याकडे घर आहे, स्कूटर आहे, बँकेत पैसा आहे, "क्या है तुम्हारे पास?" भाऊ नुकताच आईच्या डोळ्यात थेंब घालून आला होता. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. थेंबांची बाटली हातातच होती. त्यानं शशी कपूरसारखं खाली बघून म्हटलं, "मेरे पास माँ है." सगळे खो खो हसले. मीही हसलो. आईला हिंदी येत नव्हतं, ती म्हणाली, "काय रे, मला पण सांगा की."

त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर कोनाड्यात एक वही दिसली. भावाच्या अक्षरात आईची औषधं, तारखा, रक्तदाबाचे आकडे, सगळं ओळीनं मांडलेलं. माझ्या खात्यात इतकी चोख वही मी पाहिली नव्हती. परतीच्या गाडीत मी हिशेब घातला. १९८७ पासून ९ वर्षं झाली. त्यांतल्या दोन वर्षी जाणं झालंच नाही. उरलेल्या ७ वर्षांत दर वर्षी १५ दिवस, म्हणजे एकूण १०५ दिवस. ९ वर्षांत आई माझ्या वाट्याला साडेतीन महिने आली होती. हा हिशेब मी तीन वेळा तपासला, बरोबरच होता.

आपण तो संवाद ऐकताना टाळी कुणाच्या बाजूनं वाजवतो? शशी कपूरच्या. आणि आपण इथे, लखनौत बसलेले, असतो कोण? आपण अमिताभच्या बाजूचे. अर्थात आपण काही सोन्याची तस्करी केलेली नाही. सरळ नोकरीच केली. पण घर, गाडी आपल्याकडे आणि आई भावाकडे, ही वाटणी तीच.

तिसरं वाक्य 'शोले'तलं आहे. पण त्याआधी आई लखनौला आली ते सांगतो. २००१ च्या दिवाळीनंतर मी हट्टानं तिला घेऊन आलो. थंडी तिला सोसवेना, डिसेंबरच्या धुक्यात ती शाल घेऊन शेगडीपाशी बसून राहायची. मुलं शाळेत, आम्ही दोघं कचेरीत. शेजारच्या अम्मा दुपारी यायच्या. त्यांना मराठी येत नाही, हिला हिंदी येत नाही. मग दोघी टीव्हीवर जुने सिनेमे बघायच्या. आईचं हिंदी सुरू झालं ते सिनेमातूनच. रविवारी माझे सहकारी घरी आले की स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "कितने आदमी थे?" पोह्यांचा अंदाज घ्यायला! माझी पत्नी सांगायची, "आई, चार." ते सहकारी आज इथे बसले आहेत, ते हसतायत बघा. त्यांनी ते पोहे खाल्लेले आहेत.

एक दिवस जानेवारीत आम्हाला घरी यायला उशीर झाला. मुलं शिकवणीला गेलेली, वीज गेलेली, अम्माही आपल्या गावी. दार उघडून आत आलो तर आई अंधारात बाजेवर बसलेली. ती म्हणाली, "इतना सन्नाटा क्यों है भाई?" उच्चार अगदी बरोबर. आम्ही दोघं हसत सुटलो. आई हसली नाही. मेणबत्ती लावल्यावर म्हणाली, "त्या आंधळ्या म्हाताऱ्याचा पोरगा नोकरीला निघालेला असतो, नाही का रे?"

मंडळी, मी 'शोले' किती वेळा पाहिला असेल ते सांगत नाही. पण हे माझ्या कधी ध्यानात राहिलं नव्हतं. इमामसाहेबांचा मुलगा अहमद. त्याला जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरी मिळत असते. आंधळ्या बापाला सोडून जायला तो तयार नसतो, पण बापच जा म्हणतो. तो जातो आणि वाटेत गब्बर त्याला मारतो. घोड्यावरून त्याचं प्रेत गावात येतं, सगळं गाव गप्प होतं, आणि ज्याला दिसत नाही तो एकटा विचारतो की इतकं गप्प का. त्या वाक्याची आपण चेष्टा करून टाकली आहे. बैठकीत कुणी बोललं नाही की म्हणतो, वर्गात मुलं गप्प झाली की म्हणतो.

आई पुढे म्हणाली, "त्यानंच धाडलं होतं त्याला. मी पण तुला धाडलंच की." एवढंच. राग नव्हता तिच्या बोलण्यात. मग म्हणाली, "चहा टाक ग."

होळीच्या आधी ती परत गेली. २००६ साली वारली. मातीला मी नव्हतो, सावडायच्या दिवशी पोहोचलो. सगळं आटोपल्यावर भावाला म्हटलं, "त्या दिवशी दिवाळीत तू म्हणालास ते खरंच होतं." तो म्हणाला, "दादा, मी गंमत केली होती. तू दर महिन्याला पैसे पाठवलेस म्हणून तर औषधं झाली. वहीत बघ, ते पण लिहिलंय." खरंच लिहिलेलं होतं. दर महिन्याला 'दादाकडून' आणि पुढे रक्कम. ती वही त्यानं मला दिली. माझ्या कपाटात आहे.

तेव्हा अध्यक्ष महाराज, जीवनमूल्यं वगैरे मला फारशी सांगता येणार नाहीत. तीन कामं सांगतो, ती आपल्याला जमण्यासारखी आहेत. या मांडवात दर वर्षी एखादं नवं पोरगं कोपऱ्यात उभं असतं, प्रसाद घेतं आणि निघून जातं. त्याला 'जेवलास का' एवढं विचारा. त्याचं नाव माने नसलं तरी चालेल. दुसरं, आपल्यापैकी ज्यांची आई किंवा सासूबाई इथे आहेत आणि दुपारी एकट्या असतात, त्यांना आठवड्यातून एकदा एकमेकींकडे पोहोचवायची व्यवस्था मंडळानं करावी. माझी गाडी आणि माझ्या निवृत्तीच्या दुपारी मी त्यासाठी देतो. कार्यवाहांनी ते लिहून घ्यावं.

आणि तिसरं आज रात्रीच करा. गावाकडे तुमच्या वाट्याचं जो कुणी करतो आहे, भाऊ असेल, बहीण असेल, वहिनी असेल, त्यांना फोन करा. काय बोलायचं ते सुचणार नाही. मलाही दहा वर्षं सुचलं नव्हतं. सुचलं नाही तर सिनेमातलं वाक्य म्हणा, पलीकडून उत्तर येईल.

बराच वेळ घेतला, आता आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!