दाणा बघा, रंग नंतर

बल्लारपुरात दगडावर बोलायचं तर आधी कोळशाची परवानगी घ्यावी लागते. (हशा) पण कोळसा कितीही पेटला तरी अग्निजन्य नव्हे. तो झाडापाल्याचा गाळ, त्याला आज सुट्टी. ज्वालामुखीचे प्रकार, पृथ्वीचे थर हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, तेही सोडतो. माझं म्हणणं एकच: अग्निजन्य खडकाचा रंग नंतर बघा, आधी दाणा बघा. पश्चिमेला जिवतीकडचा माणिकगडाचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, घ्या. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा उघड्यावर पसरला. वर हवा, खाली थंड जमीन; उष्णता भराभर निघून गेली, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही, म्हणून त्याचा दाणा डोळ्यांना दिसत नाही. उलट पूर्व गडचिरोलीतल्या ग्रॅनाइटमध्ये गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्झ आणि काळा अभ्रक भिंगाशिवाय वेगळे ओळखता येतात. तो शिलारस जमिनीखाली खोल अडकला, वरच्या खडकांनी त्याची ऊब धरून ठेवली आणि तो फार सावकाश गोठला.

मागे कुणाची तरी मान नकारार्थी हलते आहे. आक्षेप रास्त आहे: या दोन दगडांचा मसालाच वेगळा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास, बेसाल्टमध्ये पन्नासच्या. मग फरक वेगाचा की रसायनाचा? रंग आणि खनिजं रसायन ठरवतं, हे मान्य; दाण्याचं काय? त्यासाठी एकाच मसाल्याचे दगड समोर ठेवायला हवेत. बेसाल्टचाच रस खोलवर गोठला की जाड दाण्याचा गॅब्रो होतो, मधल्या भेगांत गोठला की मध्यम दाण्याचा डोलेराइट. बेसाल्ट मुळात आला कुठून, हा वाद अठराव्या शतकात युरोपात फार तापला होता. जर्मनीचे वेर्नर म्हणत, बेसाल्ट पाण्यात साचला; स्कॉटलंडचे हटन म्हणत, तो वितळलेल्या रसातून आला. विरोधकांचा सवाल बिनतोड वाटे: दगड वितळवून निववला की काच होते, मग बेसाल्ट काच का नाही? हटन यांचे स्नेही जेम्स हॉल यांना प्रयोग करायचा होता, पण हटनना भट्टीतले असले खेळ पसंत नव्हते. हॉल यांनी भिडेखातर वाट पाहिली. हटन 1797 साली गेले आणि 1798 मध्ये हॉल यांनी आपला निबंध एडिंबरात वाचला. तोच काळा दगड वितळवून झटकन निववला तर काच, सावकाश निववला तर पुन्हा दाणेदार दगड! रसायन तेच, बदलला फक्त वेळ. (टाळ्या)

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा उरलेलं घाईत. बेसाल्टच्या पोकळ्यांत मोठाल्या गारगोट्या सापडतात, त्यांनी माझा नियम मोडत नाही; खडक घट्ट झाल्यावर मागाहून झिरपलेल्या पाण्याने त्या घडवल्या. पेग्मटाइट या फार मोठ्या दाण्याच्या खडकाने मात्र तो थोडा मोडतो. पाण्याने भरलेल्या रसात अणू मोकळे फिरतात, स्फटिक थोडक्या काळातही हातभर वाढतात. म्हणून वेळ हे मुख्य कारण, एकमेव नव्हे. एवढी माघार मी घेतो, याहून जास्त नाही. आणि उघड्यावरचं ‘भराभर’ही आपल्या हिशेबाचं नाही. हवाईतलं किलाउआ इकीचं लाव्हा-तळं 1959 साली भरलं आणि पूर्ण घट्ट व्हायला त्याला तीसहून अधिक वर्षं लागली. थराची जाडी दुप्पट झाली की निवायला चौपट वेळ लागतो. असा जाड थर निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि पाच-सहा बाजूंचे खांब उभे राहतात. असे खांब आपल्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यात, शिबला-पारडीला आहेत. मुंबईतल्या अशाच खांबांच्या गिल्बर्ट हिलला संरक्षण मिळालं ते तिच्याभोवतीचा बराच डोंगर खाणींनी खाल्ल्यावर. इथे तेवढी वाट बघू नका. पाहायला जरूर जा, पोरांना न्या, पण त्या खांबांची गिट्टी होऊ देऊ नका.