तालमीतला रुग्ण मराठी बोलू दे



 १८९७च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात देह ठेवला. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली इथे सेवासदन सुरू केलं आणि नर्सिंग हे हलकं काम मानलं जात असताना बायकांना त्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा, म्हणजे आभासी वास्तवातून नर्सिंगचं शिक्षण, हा आपल्या परिषदेचा विषय आहे.

पुण्याला तालमीचं मोल ठाऊक आहे. मल्ल आधी तालमीच्या मातीत घाम गाळतो, मगच फडात उतरतो. नर्सिंगलाही अशी माती लागते. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयात ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली आली, ती याच गरजेपोटी. मी इंजेक्शन द्यायला शिकले संत्र्यावर. पण संत्रं कळवळत नाही. पहिल्या रुग्णासमोर माझा हात थरथरला आणि त्या माउलीला दोनदा टोचून घ्यावं लागलं. माझ्या शिक्षणाची किंमत तिने मोजली, हे मी आजही विसरलेले नाही.

आभासी वास्तवाच्या हेडसेटमधली तालीम ही किंमत कमी करू शकते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव प्रत्येक विद्यार्थिनीला शिकताना पाहायला मिळेलच असं नाही. आभासी प्रसूतिकक्षात मात्र ती तो दहा वेळा हाताळू शकते. मदतीला हाक मारणं, गर्भाशय चोळणं, सलाइन लावणं, ऑक्सिटोसिन तयार ठेवणं, हे सारं तिथे घोटून घेता येतं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मात्र हेडसेट उतरल्यावर शिक्षिकेने जवळ बसवून “हे आधी का केलंस?” असं विचारायला हवं. आणि मंद नाडी, तापलेलं कपाळ बोटांना कळतं ते वॉर्डातच.

परिषदेपुढे माझं एकच मागणं आहे. हेडसेटमधला रुग्ण बहुतेकदा इंग्रजीत बोलतो. भोर-जुन्नरहून आलेली आजी मात्र म्हणते, “जीव घाबरा होतोय गं.” त्यामागे साधी भीती आहे, धाप आहे की हृदयविकार, हे दोन-चार नेमक्या प्रश्नांतून ओळखणं हेही नर्सचं कौशल्यच आहे. ते परभाषेतल्या रुग्णाकडून कसं शिकणार?

पुण्यात संगणकतज्ज्ञ आहेत आणि वॉर्डात आयुष्य घालवलेल्या सिस्टरही आहेत. परिषदेच्या या दोन दिवसांत त्यांनी एका टेबलाशी बसावं. आपल्या मुलींच्या तालमीसाठी मराठीत कण्हणारा, मराठीत उत्तर देणारा रुग्ण त्यांनी मिळून घडवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.