एवढासा कोळी, एवढे मोठे नाव

मंडळी, आज आम्ही तुम्हाला कोळ्याची गोष्ट सांगणार आहोत. वरळीचे मासे धरणारे कोळी नव्हेत बरे का! आपल्या खोलीच्या भिंतीवर फिरतो तो कोळी.

आपण त्याला किडा म्हणतो. पण किड्याला पाय सहा आणि कोळ्याला आठ. कोळ्यांतही एक उडी मारणारा कोळी असतो. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. मांजरासारखा दबकत जातो आणि माशीवर झेप घेतो. झेपेआधी आपला धागा भिंतीला चिकटवून ठेवतो. झेप चुकली तर धाग्याला लोंबतो. त्याला डोळे आठ. समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. त्याच्यापुढे बोट हलवून पाहा, तो वळून तुमच्याकडे बघेल.

अशा कोळ्यांच्या सहा हजारांवर जाती जगात माहीत आहेत. २०२१ साली त्यांत आणखी एकीची भर पडली. ती मिळाली आपल्या शेजारी, ठाण्याकडे. कोळी फार तर तांदळाच्या दाण्याएवढा.

आता तुम्ही विचाराल, हा नवा हे कळले कसे? ध्रुव प्रजापती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणजे बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली. पाय मोजले, डोळ्यांची ठेवण पाहिली, चित्रे काढली. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात. त्यांचा घाट जातीजातीत निराळा. दिसायला जुळे भाऊ वाटणारे दोन कोळी तिथे वेगळे ठरतात. मग आधी माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहिले. कुणाशीच जुळेना, तेव्हा सगळे वर्णन छापून जाहीर केले. कोळी आधीही तिथेच होता हो. त्याची नोंद नव्हती एवढेच.

नोंद करायची तर नाव हवे. ते ठेवले ‘इसियस तुकारामी’. इसियस हे त्याच्या प्रजातीचे नाव. तुकारामी म्हणजे तुकारामांचा. हे तुकाराम म्हणजे आपल्या मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे. मूळचे साताऱ्याकडचे. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र उलटत असताना ते गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर उभे होते. हातात काठी. समोर कसाबची बंदूक. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. म्हणून तो जिवंत पकडला गेला. ओंबळे गेले. २००९ साली सरकारने त्यांना अशोकचक्र दिले.

हे सांगितले तेव्हा लालबागच्या वर्गातल्या एक मावशी रागावल्या. “गुरुजी, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कोळ्याला? त्याला तर आम्ही केरसुणीने झाडतो!”

आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण मावशी, असे पाहा. रस्त्याची नावे बदलतात. गिरगावात आम्ही किती बदललेली पाहिली! या कोळ्याविषयी मात्र जपानात कुणी लिहो की ब्राझिलात, त्याला ‘तुकारामी’ असेच लिहावे लागणार. शास्त्रातले नाव सहजी पुसत नाही. आणि झेप घेऊन धरणारा प्राणी त्यांनी निवडला, हे आम्हाला तरी शोभून दिसते.

मावशी म्हणाल्या, “मग लिहून दाखवा.” तर आता फळ्याकडे पाहा. इसियस: ‘इ’ ऱ्हस्व, ‘सि’ला पहिली वेलांटी. तुकारामी: ‘तु’ला पहिला उकार, ‘मी’ला दुसरी वेलांटी. उतरवून घ्या.